जीप आली नाही म्हणजे सगळं बरं

माधव,

परवा तुझं तेरावं झालं. पंगतीत बुंदीचे लाडू होते, मी दोन खाल्ले. चांगले होते. तू असतास तर आत जाऊन आचारी कुठला ते विचारून आला असतास आणि पुढे महिनाभर आम्हाला त्याचं कौतुक ऐकवलं असतंस.

मला अजून काही वाटलेलं नाही, हे तुला आधीच सांगून ठेवतो. लोक गळ्यात पडतात, पाठ थोपटतात, 'तुमचा तर उजवा हातच गेला' म्हणतात. मी मान हलवतो. त्या सकाळी फोन आला तेव्हा मी दात घासत होतो. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे बुटाची लेस बांधायला वाकले ते उठलेच नाहीत." मी चूळ भरली, तोंड पुसलं आणि 'येतो' म्हणालो. इंदिरानगरला तुझ्या घरी पोचलो तेव्हा तुला दिवाणावर ठेवलं होतं. एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा. खोलीभर माणसं रडत होती आणि मी दिवाणाखाली वाकून दुसरा बूट शोधत होतो. सापडला. दोन्ही जोडीने दाराशी नेऊन ठेवले. त्यानंतर काय करायचं ते मला कळेना, म्हणून उभा राहिलो.

हृदयाचा झटका. इतकी वर्षं तू एकाच रोगाच्या मागे हात धुऊन लागलास आणि गेलास भलत्याच रोगाने. मी रिपोर्ट लिहिणारा माणूस, मला हे नीट लिहिलेलं वाटत नाही.

तर मुद्द्यावर येतो. तुला प्रस्तावना आवडत नसे. तू माझ्या रिपोर्टची शेवटची ओळ आधी वाचायचास आणि वरचं सगळं, जे मी डोळे फोडून लिहिलेलं असायचं, ते तसंच सोडून द्यायचास. शेवटची ओळ ही की तुझ्या नावाचा एक रिपोर्ट माझ्या टेबलावर पडून आहे. पेठ तालुक्याच्या वरच्या अंगाच्या त्या पाड्यावरची यशोदा. गालाच्या आतला, खालच्या हिरडीलगतचा तुकडा. जाण्याच्या आधी दोनच दिवस तूच त्या तुकड्याची बाटली आणून माझ्यासमोर ठेवली होतीस आणि म्हणाला होतास, "बरणीवाल्या, हिचं लवकर बघ. भात काढून झाला की ही बाई द्राक्षाच्या मळ्यांवर जाणार, मग उन्हाळ्याशिवाय हाती लागत नाही." बघितलं. कॅन्सर आहे. लवकरचा आहे. आत्ता काढला तर बाई वाचेल, पुष्कळ वर्षं वाचेल. सहा महिन्यांनी आली तर तिचा जबडा काढावा लागेल, आणि त्यानंतरचं तुला माहीत आहे.

आणि यशोदाला वाटतंय की तिला काही झालेलं नाही. कारण तुझी जीप तिच्या दारात आली नाही.

हे असं कसं झालं ते मी इथे मांडतो आहे. तुला सगळं ठाऊक आहे, पण मला ते एकदा ओळीने बघायचं आहे. मी सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड बघतो तसंच, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

आपण दोघं या हॉस्पिटलात आलो तेव्हा नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. तू कापायचास, मी बघायचो. तुझ्याकडे माणूस यायचा, माझ्याकडे त्याचा फॉर्मलीनमधला तुकडा. मला पेशंटचा चेहरा कधी लागला नाही. तू म्हणायचास, "ह्याला नाशिक जिल्ह्यातल्या सगळ्यांचे गाल माहीत आहेत, पण आतून." वर्षा-दोन वर्षांत आपल्याला एक चित्र दिसायला लागलं. पुरुष यायचे ते तोंडाचे, आणि तंबाखू-चुन्याची गोळी ज्या गालात धरायची सवय, रोग नेमका त्याच गालात. खेड्यातल्या बायका गर्भाशयाच्या तोंडाच्या, आणि त्या इतक्या उशिरा की तू नुसता हात धुऊन बाहेर यायचास. गंगापूर रोडच्या बंगल्यांतल्या बायका स्तनातली गाठ घेऊन यायच्या. गाडीतून यायच्या, तरी उशिराच, कारण वर्षभर घरात कुणाला सांगितलेलं नसायचं. आणि मग मिशरीवाल्या. तंबाखू तव्यावर जाळून केलेली ती काळी भुकटी सकाळी दातांना लावायची, आणि दात घासून झाले तरी बोट तोंडातून निघायचं नाही. यशोदा त्यातलीच.

तुझी आई पण त्यातलीच होती. ऐंशीच्या पुढे जाईपर्यंत तिने मिशरी सोडली नाही आणि तिचं तोंड शेवटपर्यंत स्वच्छ होतं. दर दिवाळीला तू तिला उजेडात बसवून बॅटरी मारून तपासायचास आणि ती कुरकुरायची, "माझ्या तोंडात काय शोधतोस रे मेल्या, सोनं?" मी म्हणायचो, बघ, तुझ्या सगळ्या सिद्धांताला तुझ्या आईने चूड लावली. तू म्हणायचास, एका आईवरून काही ठरत नाही. तरी दर वर्षी बॅटरी मारायचा थांबला नाहीस.

मग तुला ते टाचण्यांचं वेड लागलं. शहराचा मोठा नकाशा आणलास, माझ्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर ठोकलास, कारण तुझ्या खोलीत वहिनींनी पाठवलेलं कॅलेंडर होतं आणि ते काढायची तुझी हिंमत नव्हती. दर शनिवारी केसपेपरवरचे पत्ते बघून तू टाचण्या टोचायचास. रोगाच्या प्रकाराप्रमाणे रंग. मी वैतागायचो, कारण टाचण्या खाली पडायच्या आणि माझ्या चपलेत रुतायच्या. आणि एका शनिवारी तू टोचता टोचता थांबलास. अंबडच्या पलीकडे, कारखान्यांच्या मागच्या एका कॉलनीत, टाचण्यांचा नुसता गठ्ठा झाला होता. तोंडाचे, अन्ननलिकेचे, गर्भाशयाचे, सगळे रंग एकमेकांना चिकटलेले.

तू पेटलास. कारखान्यांचा धूर, रंगाचं रसायन, बोअरचं पाणी, रात्रभर तुझ्या डोक्यात काय काय शिजलं असेल. सकाळी माझ्या दारात. "चल." मी म्हटलं, रविवार आहे, मिसळ खाऊन जाऊ. तू मला मिसळसुद्धा खाऊ दिली नाहीस, हे मी विसरलेलो नाही.

गेलो. पाण्याचे नमुने घ्यायला तू बाटल्या घेतल्या होत्यास. पत्ता विचारत विचारत पोचलो तर दोन खोल्यांचं घर, पुढे पत्र्याचा मांडव, मांडवात पाच-सात माणसं. एकाच्या गालाला पट्टी, ती तूच बांधलेली. तो तुला बघून उठून उभा राहिला. आतून एक बाई पिठाचे हात घेऊन बाहेर आली. सोनाबाई. तिचा नवरा अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर कामाला, दोघं मूळचे पेठकडचे. तू विचारलंस, "हे सगळे तुमच्या घरातले?"

"घरातले कशाचे? गावाकडचे हायेत. हॉस्पिटलात यायचं म्हटल्यावर उतरणार कुठं?"

"पण सगळ्यांनी तुमचाच पत्ता दिलाय."

"देणारच ना. पहिल्या बारीला गावाचं नाव सांगितलं तर खिडकीवरचा माणूस म्हणला, लय लांबचे तुम्ही, परत येणार नाय. तवापासून मीच सांगते, माझं घर सांगा. चुकलं का काय?"

तू बाटल्या हातात धरून उभा होतास. सोनाबाईने त्या बघितल्या आणि म्हणाली, "पाणी पायजे का? नळ तिकडं हाय."

त्या दिवशी परत येताना तू गाडी बाजूला घेऊन हसलास. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "एवढी कारखान्यांची भानगड उकरून काढली असती मी. पेपरात दिली असती. आणि निघाली काय तर सोनाबाईची भाकरी." मीही हसलो. मग तू गाडी सुरू केलीस, आणि सिडकोच्या अलीकडे कधीतरी म्हणालास, "म्हणजे ज्यांची सोनाबाई आहे तेच येतात." मी म्हटलं, म्हणजे काय? "म्हणजे तुझ्या त्या स्लाइडमध्ये जे दिसतं ते जिल्ह्यातल्या रोगाचं चित्र नाहीये रे. कुणाचे नातेवाईक शहरात आहेत आणि एस.टी. कुठपर्यंत जाते, त्याचं चित्र आहे. जिचं कुणी नाही ती घरीच मरते, आणि आपण लिहितो की डोंगरात हा रोग कमी आहे."

इथून आपला वाद सुरू झाला आणि तो संपला नाही. माझं म्हणणं, हॉस्पिटलात जे येतं तेवढंच आपण बोलावं, बाकीचं सरकार बघेल. तुझं म्हणणं, सरकारला सांगणार कोण, तू? मी म्हटलं, दोन माणसांनी डोंगरात जाऊन होतं काय? तू म्हणालास, दोन कुठे, तू तर येणारच नाहीस. ते खरं होतं. मी आलो नाही. माझं काम खुर्चीतलं होतं, ते मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. तू जुनी जीप घेतलीस, महिन्यातून एका रविवारी पेठच्या वर जायचास, शाळेच्या ओट्यावर बसून बायकांची तोंडं बघायचास, नर्सबाईंकडून आतली तपासणी करवून घ्यायचास, आणि सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर बाटल्यांची रांग. तू कधी 'कृपा करून' म्हणाला नाहीस आणि मी कधी 'आनंदाने' म्हणालो नाही. पण सोमवारी तुला यायला उशीर झाला की मी जिन्याकडे कान लावून बसायचो. हे तुला सांगायचं राहिलं.

आता जीपचं.

रिपोर्ट कळवायचा कसा हा पहिला प्रश्न होता. मी म्हटलं, पोस्टाने पाठव. तू म्हणालास, "पत्र वाचणार कोण? दुकानदार. म्हणजे आधी दुकानदाराला कळणार, मग गावाला, मग नवऱ्याला, आणि बाईला सगळ्यात शेवटी." म्हणून तू ठरवलंस की ज्यांचं वाईट आहे त्यांच्या घरी आपण स्वतः जायचं. ओट्यावर बसायचं, चहा प्यायचा, बाईला समोर बसवायचं आणि तिलाच सांगायचं. नवरा मध्ये बोलला तर त्याला म्हणायचं, तोंड तिचं आहे. ज्यांचं चांगलं आहे त्यांना नर्सबाई सांगतील. पण नर्सबाईंची बदली झाली, दुसऱ्या आल्या, त्यांना तीन-तीन गावं, आणि चांगली बातमी सांगायची राहून जायला लागली. मग लोकांनी आपलं आपण ठरवून टाकलं. जीप आली तर वाईट. जीप आली नाही म्हणजे सगळं बरं.

तुझा जीव त्यात फार रमला नाही. "मी यमाचा ड्रायव्हर झालोय," तू म्हणायचास. जीप फाट्यावरून आत वळली की विहिरीवरच्या बायका पाणी शेंदायच्या थांबतात, पोरं घरात पळतात, आणि ती कुणाच्या दाराशी थांबते ते सगळा पाडा बघतो. तू पुढे गेलास की मागच्या घरांतून माणसं बाहेर येऊन पुन्हा कामाला लागतात.

मी तुला म्हटलं होतं, हे चुकीचं आहे. गप्प राहण्याला अर्थ देऊ नकोस. जीप घाटात बंद पडली, तू तापाने पडलास, तर तिकडे बाईला वाटणार आपण बरे आहोत. तू म्हणालास, "दोन दिवस उशीर होईल, एवढंच." मी म्हटलं, आणि तू गेलासच तर? तू चहात बिस्किट बुडवत होतास. "मग तू जा."

"मी? मी तुकड्यांशी बोलतो, माणसांशी नाही."

"तुकड्याच्या भोवतीच माणूस असतो रे," तू म्हणालास, आणि तुझं बिस्किट कपात पडलं. मग आपण चमच्याबद्दल बोलायला लागलो. तो वाद तिथेच राहिला.

परवा तेराव्याला सोनाबाई आली होती. पंगतीला बसली नाही, मागच्या दाराशी वहिनींजवळ बसून राहिली. मी निघताना उठून आली.

"सायेब, यशोदाचा रिपोर्ट आला का?"

"आलाय."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पुढचं विचारलं नाही. म्हणाली, "काल गावाकडून एक जण उतरायला आला. तो सांगत होता, यशोदा लय खुशीत हाय. जीप आली नाय म्हणून. डॉक्टर गेले हे अजून तिकडं कुणाला ठाव नाय. सोमवारी मळ्यावर न्यायला मुकादमाची गाडी येणार हाय त्यांची."

मी म्हटलं, "तुम्हीच सांगा ना जाऊन. तुमच्या गावची आहे."

"मी सांगेन हो. पण ती म्हणणार, जीप कुठं आली? मला काय झालं असतं तर डॉक्टर आले असते. तिला खरं वाटायचं नाय, सायेब."

मी वहिनींना जीपची किल्ली मागितली. त्यांनी देवघरातून आणून दिली, तिथे का ठेवली होती ते मी विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "तुम्हाला घाट जमेल का, भाऊजी?" मी म्हटलं, नाही. त्यांना थोडं हसू आलं. तू गेल्यापासून पहिल्यांदा असावं. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही नीट जेवत जा."

उद्या रविवार आहे. उद्या जाणार आहे. आज शनिवारी बसून मी तीन वाक्यं तयार केली आहेत. पहिलं, तुमच्या गालातला जो तुकडा घेतला त्यात रोग सापडला आहे. दुसरं, तो लवकर सापडला आहे. तिसरं, ऑपरेशन करावं लागेल आणि डॉक्टरांच्या हाताखाली तयार झालेला मुलगा ते चांगलं करतो. मोठ्याने म्हणून बघितली. माझा आवाज रेडिओवरच्या बाजारभावांसारखा येतो. तू हे इतकी वर्षं कसं केलंस ते मी तुला एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं, तुला ते सोपं जातं.

*

रविवार, संध्याकाळ. आत्ताच परत आलो आहे. हात अजून स्टिअरिंगवर असल्यासारखे दुखतात.

घाट मी दुसऱ्या गिअरमध्ये चढलो. सोनाबाई शेजारी बसली होती आणि प्रत्येक वळणाला दाराची दांडी धरत होती. मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते. तुझी जीप उजवीकडे ओढते, हे तू कधी सांगितलं नाहीस. पुढच्या कप्प्यात तुझा चष्म्याचा रुमाल होता आणि अर्धा पुडा ग्लुकोजची बिस्किटं. मी एक खाल्लं. मऊ पडलं होतं.

फाट्यावरून आत वळलो आणि तू सांगितलं होतंस तसंच झालं. विहिरीवर बायका होत्या. हातातला दोर तसाच धरून उभ्या राहिल्या. एक म्हातारा अंगणात बसला होता, तो उठून आत गेला. मी इतकी वर्षं लोकांचे निकाल लिहिले, पण निकाल येताना माणूस कसा दिसतो ते आज बघितलं. मला गाडी तिथूनच मागे वळवावीशी वाटली. वळवता येत नव्हती, रस्ता अरुंद होता.

यशोदाच्या दारात थांबलो. ती अंगणात गाठोडं बांधत होती. भांडी, गोधड्या, तव्याला गुंडाळलेली साडी. तिच्या नवऱ्याने खांद्यावरचं पोतं खाली ठेवलं. पस्तिशीची असेल, किडकिडीत, मला वाटलं होतं त्यापेक्षा बरीच लहान. ती माझ्याकडे बघतच नव्हती, माझ्यामागे गाडीत बघत होती. वाकून दुसऱ्या बाजूने पण बघितलं.

"डॉक्टर नाय आले?"

"नाही."

तिने हुश्श केलं आणि हसली. काळे दात, मिशरीचे. "मंग कशाला ही गाडी आणली वो? इथं जीव गेला ना आमचा." तिने नवऱ्याकडे वळून सांगितलं, "डॉक्टर नाय आले." तो पण हसला. पलीकडच्या घरातली एक बाई दाराबाहेर आली. यशोदा म्हणाली, "बसा, चहा ठेवते. सोनाबाई, बस ना गं, अशी काय उभी?"

मी बसलो. तिने कोरा चहा आणला, गुळाचा. मी तो प्यायलो. ती सोनाबाईला सांगत होती की यंदा दिंडोरीकडचा मळा मिळाला, मालक बरा आहे, राहायला पत्र्याची खोली देतो, पोरीला पण संगं नेणार. बोलताना जीभ मधूनच त्या गालाकडे जात होती, माझं लक्ष तिकडेच होतं. माझी तीन वाक्यं मला आठवत होती, एकही शब्द विसरलो नव्हतो. पण ती वाक्यं बोलायला माझं तोंड उघडेना. पहिल्या वाक्याच्या आधी अजून एक वाक्य होतं आणि ते मी तयार केलंच नव्हतं. ते म्हटल्याशिवाय बाकीची तीन खोटी वाटली असती.

मी म्हणालो, "यशोदाबाई, डॉक्टर वारले."

हे मी पहिल्यांदा बोललो, माधव. इतके दिवस ते मला लोक सांगत होते. मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

तिने हातातली किटली खाली ठेवली. "कधी?"

"पंधरवडा झाला."

ती मटकन बसली आणि मोठ्याने रडायला लागली. विहिरीवरच्या बायका आल्या, त्यांना कळलं, त्या पण रडायला लागल्या. ज्या जीपला बघून पोरं लपतात तिच्याभोवती सगळा पाडा गोळा झाला. एक म्हातारी बॉनेटवर हात ठेवून तुझ्याशी बोलत होती, माझ्या सुनेला तू वाचवलंस आणि मला न भेटताच गेलास, असं काहीतरी. दुसरी म्हणाली, माझ्या दारात बसून चहा प्यायलेला. प्रत्येकीला तू किती चहा प्यायलास ते माहीत होतं. तू यमाचा ड्रायव्हर म्हणायचास स्वतःला. तुला हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. सोनाबाई माझ्याजवळ उभी होती. मी बसून होतो आणि मला काही वाटत नव्हतं, हातात रिकामा कप होता एवढंच.

मग यशोदाचं रडणं कमी झालं. तिने पदराने तोंड पुसलं. पुसता पुसता हात गालावर थांबला. तिने गाठोड्याकडे बघितलं, जीपकडे बघितलं, मग माझ्याकडे. बाकीच्या बायका अजून रडत होत्या, पण तिच्या शेजारची गप्प झाली, मग तिच्या पलीकडची. हळूहळू सगळं अंगण गप्प झालं. तिचा नवरा पुढे आला आणि काही विचारणार होता, तिने त्याला हाताने थांबवलं.

"सायेब," ती म्हणाली, "डॉक्टर असते, तर आले असते का माझ्याकडं?"

मी तिच्याकडे बघितलं. बाकीची वाक्यं लागणार नव्हती.

"आले असते," मी म्हणालो.

आणि मग मला रडू आलं. तुझ्यासाठी आलं, माधव, आत्ता कुठे आलं, आणि कुठे तर त्या बाईच्या अंगणात, तिची बातमी तिला सांगताना. मी चष्मा काढला. पुसायला खिशात काही सापडेना. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या आणि मला थांबता येईना. यशोदा उठली, माझ्या हातातला कप तिने काढून घेतला आणि बाजूला ठेवला.

"रडू नका, दादा," ती म्हणाली. "मी येते ना."